टेबलावरचा पाचवा मॅनिफोल्ड

डोमा कुमरे चांद्याच्या मोटार अड्ड्यावर पहिल्यांदा आला तो कोळशाची बैलबंडी घेऊन. साल बेचाळीस. लढाईमुळे पेट्रोल चिठ्ठीवर मिळत होतं आणि मालक गुणवंतरावांच्या सहाही बसगाड्यांच्या पाठीमागे लोखंडी भट्ट्या बसवल्या होत्या. भट्टीत कोळसा पेटवायचा, त्याचा धूर गाळून नळीने इंजिनात सोडायचा आणि त्यावर गाडी हाकायची. त्या दिवशी लटारू मिस्त्री तासभर पंखा फिरवत होता आणि भट्टी काही केल्या धरत नव्हती. डोमाने एक खांड उचलून दगडावर वाजवलं.

"हा मोहाचा कोळसा हाय मिस्त्री. याच्यात दम नाई. धावड्याचा पाह्यजे."

"तुह्या बंडीत कायचा हाय?"

"धावड्याचा."

पंधरा मिनिटांत गाडी सुरू झाली. बंडी रिकामी करून डोमा गोंडपिपरीपलीकडच्या आपल्या बारा घरांच्या गावी परत जायचा होता, तो गेला नाही. लटारूने त्याला ठेवून घेतलं. काम एकच: भट्टी पेटवायची आणि इंजिनात जमलेली घाण काढायची.

ती घाण सगळ्यात जास्त बसे मॅनिफोल्डमध्ये. मॅनिफोल्ड म्हणजे बिडाचा एक फाटे फुटलेला नळ. कार्ब्युरेटरमधून निघालेली पेट्रोलची वाफ आणि हवा तो इंजिनाच्या भोकाभोकापर्यंत वाटून देतो. कोळशाच्या धुराने त्याच्या आत डांबरासारखा चिकटा धरे. तार घातली तर अर्धा निघे, उरलेला बोटाने खरवडावा लागे. डोमा रोज दोन मॅनिफोल्ड साफ करी. बाकीचे मिस्त्री मॅनिफोल्ड बाहेरून ओळखत, डोमाला त्याची ओळख आतून झाली. फोर्डचा मॅनिफोल्ड इंजिनाच्या दोन कुशींच्या मधे झाकणासारखा पालथा पडतो, त्याच्या आतल्या वाटा एकमेकींवरून जातात. डॉजचा हेडला न लागता ब्लॉकच्या बगलेत बसतो. बेडफर्डच्या आत वळणावर एक खरखरीत जागा असते, तिथे बोट अडतं. शेवरलेची दोन इंजिनं होती, एक लहान, एक मोठं. दोन्हींचे मॅनिफोल्ड शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. बोल्ट तेच, लांबी तीच, तीन भोकंही तीच. फरक भोकांच्या रुंदीत, तोही एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात मोठ्या शेवरलेच्या गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. नवा मिळण्याची सोय नव्हती. लटारूने लहान इंजिनाचा एक जुना मॅनिफोल्ड डोमापुढे टाकला आणि कानस दिली. "एक सूत उघड. तिन्ही भोकं. घाई नको करू." डोमाने चार दिवस कानस चालवली. धुराची नळी जोडण्यासाठी बाजूला एक भोक पाडलं. लढाई संपल्यावर ते भोक पितळी बूच मारून बंद केलं आणि गाडी पुन्हा पेट्रोलवर आली. तो मॅनिफोल्ड मोठ्या इंजिनावर पुढे आठ वर्षं चालला. कोणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण तो बिघडला नाही.

सत्तेचाळीसला लटारू दम्याने गेला आणि डोमा मिस्त्री झाला. मिस्त्री झाला म्हणजे गुणवंतराव त्याला मिस्त्री म्हणू लागले, ड्रायव्हर त्याच्या हातात किल्ली ठेवून चहाला जाऊ लागले, आणि अड्ड्यामागच्या खोलीत तो बायकोला, सोमारीला, गावाहून घेऊन आला. कागद कोणताच नव्हता.

कागदाची गरज छप्पन साली पडली. गुणवंतराव थकले होते. मुलगा नागपुरात वकील, त्याला धुळीत रस नव्हता. त्यांनी गाड्या, अड्डा आणि परवाने नागपूरच्या एका मोठ्या मोटार कंपनीला विकले. कंपनीने सांगितलं की ड्रायव्हर-कंडक्टर आहेत तसे घेऊ, मिस्त्र्यांची मात्र परीक्षा घेऊ. पास झाला तो मिस्त्री. नापास झाला तो हेल्पर: गाड्या धुवायच्या, हत्यारं उचलायची, रोजावर.

परीक्षेची बातमी पत्रू ड्रायव्हरने आणली. पत्रूला सगळ्या बातम्या आधी कळत.

"सहा पार्ट ठेवतेत टेबलावर. कोन्त्या इंजिनाचा कोन्ता ते सांगाचं. सहाच्या सहा."

"इतकंच?" डोमा म्हणाला.

"इतकंच नाई. पार्टावरचा नंबर वाचून सांगाचा. त्यायच्याजवळ नंबराचं पुस्तक हाय."

बिडावर उठावाचे आकडे असतात हे डोमाला ठाऊक होतं. त्याच्या लेखी ते झाडाच्या सालीवरच्या गाठींसारखे होते, असतात म्हणून असतात.

"काऊन गप झाला बे? तीन महिने हायेत. सीख."

"चाळीस वर्साचा झालो मी."

"मंग? मही सासू सत्तरची हाय, परवा सिनेमा पाहून आली."

गल्लीच्या टोकाला इंदुताई राहत. नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, एकट्या. त्यांचा स्टोव्ह डोमा दर पंधरवड्याला दुरुस्त करी आणि दर पंधरवड्याला त्या तो बिघडवीत. त्यांनी पाटी काढली, इंग्रजी आकडे लिहिले आणि गिरवायला दिले. आठवडा झाला तरी डोमाला तीन आणि आठ वेगळे दिसेनात. बाई चिडल्या.

"पोट्टे दोन दिवसांत शिकतात डोमाभाऊ. तुमचं ध्यान कुठी असते?"

"बाई, पाटीवर हाताले काईच लागत नाई."

इंदुताईंनी पाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी डोमा भंगारातला एक मॅनिफोल्ड पोत्यात घालून घेऊन आला. बाईंनी त्याचं बोट धरून आकड्यांवरून फिरवलं: हा तीन, हा पाच, हा आठ. बोटाला तीन आणि आठ वेगळे लागले. महिन्याभरात तो डोळे मिटून सात आकडी नंबर वाचू लागला. मग डोळे उघडून. दुसऱ्या महिन्यात कोणता नंबर कोणत्या इंजिनाचा हेही पाठ झालं. पत्रूने अड्ड्यावरच्या कारकुनाला पानसुपारी चारून ती यादी उतरवून आणली होती. इंदुताई विचारत, डोमा सांगे. चुकला की त्या म्हणत, "जा आता, बस धुवा."

सोमारी हे सगळं चुलीजवळून बघे. घरात ते दोघं गोंडीत बोलत. एकदा ती म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही इंजिनं उघडता, ते कंपनीला पुरत नाही? डोमा म्हणाला, पुरत नाही. ती म्हणाली, मग आकडे पुरतील कशावरून? तो पुन्हा नंबर म्हणू लागला.

परीक्षा मार्चमध्ये झाली. आदल्या दिवशी पत्रूने त्याला बजावलं, "नंबर वाचाचा, पुस्तकात हाय ते सांगाचं आन् निंघाचं. आत बोट घालू नोको. तुह्यी खोड मले मालूम हाय."

"नाई घालत."

अड्ड्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. त्यावर सहा मॅनिफोल्ड, सगळ्यांना एकसारखा काळा रंग. नागपूरहून आलेले इंजिनीयर टेबलामागे बसले होते. शांत माणूस, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या, बोलताना आवाज चढत नसे. बाजूला कारकून पुस्तक उघडून बसला होता. बाहेर बाकावर आणखी चौदा माणसं होती. कंपनीने आणखी दोन अड्डे विकत घेतले होते, तिथलेही आले होते.

पहिला फोर्ड. डोमाने नंबर वाचला, नाव सांगितलं. कारकुनाने खूण केली. दुसरा डॉज, तिसरा बेडफर्ड. चौथा लष्करी ट्रकचा, लढाईनंतर लिलावात आलेला, तोही त्याने सांगितला. इंजिनीयरांनी मान वर करून बघितलं.

"शिकला आहेस का कुठे?"

"नाई साहेब. कोळसा आनला होता."

इंजिनीयरांना ते कळलं नाही. त्यांनी पुढे व्हायची खूण केली.

पाचव्यावर डोमाचं बोट आकड्यांवरून गेलं. सातही आकडे बरोबर लागले. लहान शेवरले. नाव ओठांवर आलं होतं. डाव्या हाताने त्याने मॅनिफोल्ड जरा उचलला, वजनाला आधार म्हणून, आणि आधार देणारं बोट पहिल्या भोकात गेलं. चौदा वर्षांची सवय होती ती. आत कडेला कानशीचे आडवे चरे होते, उजवीकडे जरा जास्त खोल, कारण त्या वर्षी त्याचा डावा खांदा दुखावला होता. त्याने मॅनिफोल्ड फिरवला. बाजूला, रंगाखाली, गोल उंचवटा. पितळी बूच.

तो थांबला. कारकुनाने पेन वर धरलं होतं.

"नंबर?"

डोमाने नंबर वाचला.

"बरोबर. इंजिन?"

"मोठं शेवरले."

कारकुनाने पुस्तकात पाहिलं, मग डोमाकडे. "हा नंबर लहान शेवरलेचा आहे."

"हो. नंबर लहान्याचा हाय. मॅनिफोल्ड मोठ्याचा हाय."

कारकून हसला. इंजिनीयर हसले नाहीत. "म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"याची भोकं उघडली हायेत साहेब. एक सूत. आता हा लहान्यावर बसत नाई. बसवाल तं पॅकिंगले टेकाले जागाच नाई उरत. हवा ओढंल."

"कोणी उघडली?"

"म्या."

कारकुनाचं पेन हललं. त्याने काहीतरी लिहिलं ते खुणेपेक्षा लांब होतं.

इंजिनीयर उठून टेबलाच्या या बाजूला आले. न्याय करायचा तर नीट करावा असा त्यांचा स्वभाव दिसत होता. डोमाने सहावा मॅनिफोल्ड, खऱ्या मोठ्या शेवरलेचा, पाचव्याशेजारी ओढला. "पाहा साहेब. यात बोट घाला. आता त्याच्यात घाला."

इंजिनीयरांनी दोन्हींत बोट घातलं, खिशातल्या रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "दोन्ही सारखेच लागतात."

"तेच तं म्हणून राह्यलो साहेब."

"मग फरक नंबरावरूनच कळणार ना? त्यासाठीच तर नंबर असतो."

डोमाला बोलायचं खूप होतं. इंजिनीयरांना जे सारखं लागलं तेच त्याचं म्हणणं होतं, आणि तेच आता त्याच्या विरुद्ध झालं होतं. तो म्हणाला, "इंजिनावर लावून दाखवतो. अर्धा घंटा द्या."

कारकुनाने बाहेरच्या बाकाकडे बघितलं. चौदा माणसं. इंजिनीयरांनी घड्याळ पाहिलं.

"हे बघ," ते म्हणाले, "परीक्षा पार्ट ओळखण्याची आहे. पुस्तकात जे आहे ते उत्तर. तुला उत्तर बदलायचं असेल तर बदल. मी हरकत घेणार नाही."

शेडमध्ये उकडत होतं. डोमाच्या कानात दोनच शब्द वाजत होते, लहान शेवरले. तीन महिने इंदुताईंच्या ओसरीवर तो तेच म्हणत होता. त्याने तोंड उघडलंही. पण त्याचं बोट अजून भोकातच होतं आणि त्याच्या कडेला त्याचीच कानस होती. हा लहान इंजिनाचा आहे असं तो म्हणाला की उद्या तो लहान इंजिनावर चढणार. ती गाडी नाल्याच्या चढावर उभी राहणार. हे त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याच्या जागी दुसरं काही म्हणणं जमेना.

"मोठ्याचाच हाय साहेब."

सहावा त्याने बरोबर सांगितला. सहापैकी पाच.

बाहेर पत्रू उभा होता. त्याने तोंड बघूनच ओळखलं. "घातलं ना बोट?"

डोमाने ते बोट सदऱ्याला पुसलं.

"मायच्यान, येका बोटापायी मिस्त्रीचा हेल्पर झाला तू."

कागद आठवड्याने आला. हेल्पर, रोजावर. खाली शेरा होता की याने पूर्वी गाड्यांच्या भागांत परवानगीवाचून फेरफार केले आहेत. इच्छा असल्यास सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसता येईल. तो शेरा इंदुताईंनी वाचून दाखवला. त्यांनी कागदाची घडी केली, परत दिला आणि स्टोव्हला पिन मारायला घेतली. मग म्हणाल्या, "तुम्हाले येत होतं उत्तर."

"हो बाई."

"मग काऊन?"

"ते उत्तर चूक होतं."

"परीक्षेत चूक-बरोबर पुस्तक ठरवते डोमाभाऊ. मी पंचवीस वर्सं तेच करून राह्यली."

डोमाच्या जागी नथ्थू आला. नागपूरच्या औद्योगिक शाळेतला, चोवीस-पंचवीसचा, कामाला चांगला, स्वभावानेही वाईट नाही. डोमा त्याची हत्यारं उचले. पहिले काही दिवस ड्रायव्हर चुकून डोमालाच हाक मारत, मग ती सवय मोडली.

मे महिन्यात लहान शेवरलेच्या एका गाडीचा मॅनिफोल्ड बदलायचा निघाला. भांडारातून पुस्तकातल्या नंबराप्रमाणे पाचवा आला. डोमा तेव्हा शेजारचीच गाडी धुवत होता. नथ्थू बोल्ट आवळत असताना त्याला रंगाखालचा बुचाचा उंचवटा दिसला. तो बादली ठेवून आला.

"नथ्थूभाऊ, तो लहान्यावर नाई चालत."

"नंबर पाहिला मी."

"नंबर बराबर हाय."

"मग झालं तर."

डोमा बादलीकडे परत गेला. एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा सांगायला तो आता मिस्त्री नव्हता.

ती गाडी तिसऱ्या दिवशी गोंडपिपरीच्या वाटेवर उभी राहिली. ड्रायव्हर पत्रू होता. नाल्यातून वर चढताना इंजिन कार्ब्युरेटरमधून फाट्‌फाट् खोकलं, ज्वाळ आली आणि बंद पडलं. बेचाळीस माणसं, दोन बकऱ्या आणि एक नवरदेव उन्हात साजाच्या झाडाखाली बसले. चांद्याहून ट्रकमधून नथ्थू आला. त्याच्याबरोबर हत्यारांची पेटी घेऊन डोमा.

नथ्थूने कार्ब्युरेटर उघडला, फुंकला, लावला. प्लग बदलले. तारा तपासल्या. तीन तास गेले. नवरदेवाच्या मामाने येऊन विचारलं की आज लग्न लागेल की उद्या. पत्रू म्हणाला, "मामा, नवरदेवाले म्हणा धक्का मारू लाग, सासऱ्याले बी तेवढीच खात्री पटंल."

नथ्थूचं तोंड रडवेलं झालं होतं. त्याने डोमाकडे पाहिलं. ते पाहणं म्हणजे विचारणंच होतं.

डोमाने मॅनिफोल्ड उतरवला. तिन्ही भोकांवरचं पॅकिंग आत खेचलं जाऊन फाटलं होतं, जसं फाटायला हवं होतं तसंच. त्याने गाडीतला रॉकेलचा रिकामा डबा कापला, पत्र्याच्या तीन चकत्या केल्या आणि त्या भोकांच्या आत अशा दाबून बसवल्या की एका सुताची उघडलेली जागा भरून निघावी. त्यावर नवं पॅकिंग, त्यावर मॅनिफोल्ड. तेरा वर्षांपूर्वी चार दिवस कानशीने जे काढलं होतं ते त्याने दीड तासात पत्र्याने भरलं. इंजिन हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला लागलं. उतारू टाळ्या वाजवून गाडीत चढले.

"मिस्त्री!" पत्रू मोठ्याने म्हणाला, "बसा पुढं."

नथ्थूने मागे वळून पाहिलं. पत्रूने कोणाला म्हटलं हे त्याला कळलं. त्याची मान खाली गेली.

अड्ड्यावर नथ्थूने नोंदवहीत लिहिलं: कार्ब्युरेटर साफ केला, गाडी सुरू. खाली सही केली. हेल्परच्या रकान्यात डोमाचा अंगठा घेतला. डोमाने ते आकडे आणि अक्षरं पाहिली. तारीख त्याला वाचता आली, बाकीचं नाही. बाकीचं संध्याकाळी पत्रूने सांगितलं आणि वर म्हणाला, "जा, साहेबाले सांग. पॅकिंग दाखव. मी येतो गवाही द्याले."

"त्या पोराची नोकरी जाईन."

"अन् तुह्यी?"

"मही गेलीच हाय. सप्टेंबरात परीक्षा हाय ना पुन्हा."

हे त्याने मनापासून म्हटलं. उन्हाळाभर आणि पावसाळाभर तो सांजेला इंदुताईंकडे जाऊन यादी म्हणत राहिला. बाईंनी त्याच्याकडून वचन घेतलं की या खेपेला हात पाठीमागे बांधून उभा राहील.

सप्टेंबरात तो हात पाठीमागे बांधून शेडमध्ये गेला. टेबलावर एकही मॅनिफोल्ड नव्हता. पितळेचे आणि पोलादाचे बोटाएवढे तुकडे मांडले होते. कंपनीने डिझेलच्या गाड्या मागवल्या होत्या, पहिल्या दोन दिवाळीच्या आत येणार होत्या. त्यांना कार्ब्युरेटर नसतो, तेल पंपाने थेट इंजिनात मारतात. तुकडे त्या पंपाचे होते. इंजिनीयर तेच होते. त्यांनी डोमाला ओळखलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. डोमाने पहिला तुकडा उचलला, फिरवला, त्यावरचा नंबर बिनचूक वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"पुढे?" कारकून म्हणाला.

"पुढं नाई येत."

डिसेंबरात जुन्या पेट्रोल गाड्यांचे सुटे भाग भंगारात निघाले. ट्रक भरायला हेल्पर लावले. कारकून खुर्ची टाकून यादी करत होता, कारण भंगारालाही यादी लागते. इंजिनं उघडून काढलेले मॅनिफोल्ड ढिगात पडले होते, कशावर रंग होता, कशाचा उडाला होता. डोमा एकेक उचलून नंबर वाचे आणि फळीवरून वर चढवी. नंबर वाचता येणारा हेल्पर तो एकटाच होता, म्हणून कारकुनाने त्याला ते काम दिलं होतं.

एका मॅनिफोल्डमधून पत्र्याची चकती अर्धी बाहेर आली होती. डोमाने तो दोन्ही हातांनी धरला. बोटं बाहेरच ठेवली. सात आकडे वाचले.

"कशाचा?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"लहान शेवरले," डोमा म्हणाला.

कारकुनाने खूण केली. "पुढे."